जुनं मशीन, खारं पाणी

पहाटे ५.३०

मे महिन्यात मालवणच्या दांडी किनाऱ्यावर उजाडायच्या आधीच गजबज सुरू होते. रात्री जाळी मारायला गेलेल्या होड्या परतत असतात. बाकीचे लोक टोपल्यांकडे बघतात, मी होडीच्या मागच्या फळीकडे बघतो. चालत्या मशीनच्या मागच्या अंगाने करंगळीपेक्षा बारीक अशी पाण्याची धार सुटलेली असते. धार जोरकस असेल आणि हाताला कोमट लागत असेल, तर पंप समुद्राचं पाणी वर चढवतोय, सिलिंडरभोवती फिरवतोय आणि उष्णता घेऊन बाहेर टाकतोय. धार तुटक झाली, वाफाळली किंवा थांबली, तर मशीन त्याच क्षणी बंद करायचं. ‘किनारा जवळच आहे, तेवढं जाऊ’ म्हणणाऱ्यांच्या पिस्टनवर माझं घर चालतं.

आज एका पोराने पाण्यातूनच हाक मारली, “मेस्त्रीनू, मशीन चालू जाता, पन धार मारणा नाय!”

होडी कमरेएवढ्या पाण्यात धरून ठेवली, वरचं कव्हर काढलं आणि धारेच्या भोकाकडे जाणारी रबरी नळी उपसली. मशीन चालू करताच नळीतून भसकन पाणी आलं. म्हणजे पंप ठीक होता, बाहेरच्या भोकात वाळू अडकली होती. पातळ तार फिरवली, धार सुटली. नळीतूनही पाणी आलं नसतं, तर आजचा दिवस त्याच्याच मशीनखाली गेला असता.

दिवस मोजके उरलेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी वाहतूक आणि स्कूबाच्या बोटी बंद होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. त्यामुळे ज्याला मशीन विकायचं तो आता विकतो, ज्याला ऑगस्टसाठी घ्यायचं तो आता शोधतो आणि ज्याला काहीच करायचं नसतं तो मशीन पडवीत आडवं टाकून गणपतीची वाट बघतो. तिन्ही प्रकारची गिऱ्हाइकं माझ्याचकडे येतात.

सकाळी ७.००

शेडमधलं पहिलं काम म्हणजे पिंपं भरणं. आउटबोर्डच्या मेस्त्रीला पान्यांच्या आधी गोडं पाणी लागतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मशीन चालू असताना ते पाणी वाहत राहतं, त्यामुळे फारसं बिघडत नाही. मशीन बंद केल्यावर आतल्या वाटांत जे पाणी उरतं, ते तापलेल्या धातूवर सुकतं आणि मीठ मागे ठेवतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक थर बसतो. थर्मोस्टॅट चिकटतो, अरुंद वाटा बुजतात, अल्युमिनियमला पांढरी बुरशी आल्यासारखी भुकटी सुटते. मशीन खराब होतं ते खुंटीवर टांगलेलं असताना, आणि मालक म्हणतो, “वापरलाच नाय, मगे बिघडला कसा?”

पण मे महिन्यात गोडं पाणी आणायचं कुठून? किनाऱ्यालगतच्या विहिरी या दिवसांत मचूळ होतात. खाडी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर तर पाणी ओठाला लावूनच ठरवावं लागतं. मी पिंपात भरायच्या आधी चव घेतो. मचूळ पाण्याने मशीन धुणं समुद्राच्या पाण्यापेक्षा बरं असलं, तरी शेवटचं धुणं गोड्या पाण्याचंच हवं. म्हणून वरच्या वाडीतल्या विहिरीवरून दोन पिंपं आणतो आणि एक पिंप झाकण लावून बाजूला ठेवतो. त्याचा उपयोग कधी होईल ते सांगता येत नाही, पण लागतं तेव्हा दुसरं काही चालत नाही.

पिंपं भरली की कालचं अर्धवट काम. स्कूबाच्या बोटीवरचं ४० हॉर्सपॉवरचं मशीन, धार अशक्त. खालचा गिअरबॉक्स उतरवला. पाण्याचा पंप त्याच्याच डोक्यावर बसलेला असतो. आतला इंपेलर म्हणजे सहा पाकळ्यांचं रबरी फूल. दोन पाकळ्यांची टोकं झिजली होती, एक मुळातून तडकली होती. तुटलेला तुकडा वर पाण्याच्या वाटेत अडकलेला नाही, याची खात्री केल्याशिवाय नवा इंपेलर बसवण्यात अर्थ नसतो. आपल्याकडे किनारे वाळूचे, होड्या उथळ पाण्यातून काढायच्या, म्हणजे पंप पाण्याबरोबर वाळूही ओढतो. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, इथे दर मोसमाला इंपेलर बदलावा. आणि पाण्याबाहेर मशीन ‘नुसतं चालू होतंय का बघू’ म्हणून कधी चालवू नये, कारण कोरड्या पंपात रबर काही सेकंदांत जळतं.

सकाळी ८.३०

दांडीचा एक तरुण मच्छीमार फटफटी घेऊन दारात. वडिलांच्या होडीसाठी जुनं मशीन घ्यायचंय. नवं परवडत नाही. दोन ठिकाणी बघायचंय, एक देवबागला, एक सर्जेकोटला.

“मेस्त्रीनू, देवबागचा एकदम नवा दिसता.”

“दिसूक काय, सगळाच दिसता. होडयेचा माप घेतलंस?”

घेतलं नव्हतं. निघायच्या आधी त्याच्या होडीची मागची फळी टेपने मोजली. आउटबोर्डच्या दांड्याची लांबी दोन मापांत जास्त मिळते, आखूड १५ इंच आणि लांब २० इंच. आखूड दांडा उंच फळीवर लावला तर पंखा हवा कापतो आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. लांब दांडा बुटक्या फळीवर लावला तर वाळूत घासतो. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत यायला हवी. याची फळी २० इंचांची निघाली. आता निदान काय बघायचं ते ठरलं: लांब दांड्याचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, ९.९ किंवा १५ हॉर्सपॉवर. यामाहाच्या या दोन्ही टू-स्ट्रोक मशीनचा मूळ ठोकळा एकच आहे, २४६ सीसीचा, आणि वजन सुमारे ३६ किलो. एकटा माणूस खांद्यावर घेऊन वाळूतून चालू शकतो. आमच्याकडे हा गुणही हॉर्सपॉवरइतकाच मोलाचा.

सकाळी ९.१५

देवबाग. मशीन स्टँडवर लावून ठेवलेलं. नवा राखाडी रंग, नवे स्टिकर, पंखासुद्धा काळाभोर रंगवलेला. पोरगा माझ्याकडे बघून हसला. मी आधी कव्हर काढलं आणि सिलिंडरच्या डोक्यावर तळवा ठेवला. कोमट.

“सकाळी चालू केलास काय?” मी विचारलं.

“हो, जरा बघितला, बरा चलता ना ता.”

जुनं मशीन थंड असताना चालू होतं का, हे बघायला आपण जातो. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल, तर ती परीक्षा गेली. भांडायचं नाही, मनात नोंद करायची.

मग जस्ताकडे वळलो. पंख्याच्या वर, पाण्यात बुडणाऱ्या भागावर जस्ताचा एक तुकडा बोल्टने बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून असले की त्यांच्यात वीज वाहते आणि त्यातला जो जास्त हळवा, तो विरघळतो. जस्त अल्युमिनियमपेक्षा हळवं, म्हणून ते स्वतः झिजतं आणि गिअरबॉक्स वाचवतं. अर्ध्याच्या वर झिजलं की बदलायचं. इथे ते छान गुळगुळीत होतं, कारण त्यावरही रंग मारला होता. रंगाखाली पाणी धातूला लागत नाही, मग जस्त काम करत नाही आणि अल्युमिनियम खाल्लं जातं. नखाने गिअरबॉक्सवरचा रंग खरवडला. खाली खड्डे, आणि खड्ड्यांत लांबी भरलेली.

ग्रीसच्या निपल बघितल्या. मशीन ज्या बिजागरीवर डावी-उजवीकडे वळतं आणि वर उचललं जातं, तिथे त्या असतात. सगळ्या निपलच्या तोंडावर रंग. म्हणजे रंग मारल्यापासून त्यांत ग्रीस गेलेलं नाही, आणि बिजागरीचा जडपणा सांगत होता की त्याआधीही बरेच दिवस गेलं नसावं. फळीला मशीन आवळायचे दोन स्क्रू हाताने फिरवले. एक फिरला, दुसरा ढिम्म.

गिअरबॉक्सच्या तळाचा स्क्रू किंचित सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं, त्यामुळे पहिले थेंब सगळं सांगतात. दुधाळ, कॉफीसारखं तेल आलं की सील गेलं समजायचं. इथे तेल मधासारखं स्वच्छ आलं. पोरगा खूश झाला. मी नाही. इतक्या जुन्या मशीनमध्ये इतकं कोरं तेल म्हणजे ते काल-परवाच भरलंय. जुनं तेल कसं निघालं ते फक्त मालकाला ठाऊक. स्क्रूच्या टोकाच्या लोहचुंबकावर राखाडी चिखल असला तर हरकत नसते, पोलादाचे कण टोचले तर दाते गेलेले असतात. इथे चुंबकसुद्धा पुसलेलं.

शेवटी कॉम्प्रेशन. दोन्ही प्लग काढले, मीटर लावला, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी चार-पाच वेळा सारख्या जोराने ओढली. खालचं सिलिंडर ११२ पीएसआय, वरचं ८४. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक किती, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांपर्यंत चालवून घेतो, इथे पंचवीस टक्के होता. पाणी खालून वर चढतं, कमी पडलं की वरचं सिलिंडर आधी तापतं. थर्मोस्टॅटच्या झाकणाकडे बघितलं. एका बोल्टचं डोकं तुटलेलं, आणि झाकणाच्या कडेने लाल सिलिकॉन ओघळलेलं. मशीन एकदा जबर तापलेलं होतं, कुणीतरी उघडायचा प्रयत्न केला होता आणि अर्ध्यावर सोडून रंग मारला होता.

“कितक्याक देतास?” पोराने विचारलंच. किंमत ऐकून त्याने माझ्याकडे बघितलं. मी पाने पिशवीत भरत होतो.

सकाळी १०.४५

सर्जेकोट. माडाच्या सावलीत लाकडी घोड्यावर मशीन. कव्हरचा रंग उन्हाने पांढुरका, एका कोपऱ्याला तडा, पंख्याखालच्या पातीचं टोक खडकाला लागून तुटलेलं. पोराचा चेहरा पडला. मालक म्हातारे, आता समुद्रावर जात नाहीत, मुलगा मुंबईला नोकरीला.

मशीनच्या आधी मी जमीन बघितली. घोड्याच्या खाली एक अर्धं कापलेलं निळं पिंप, त्यात पाणी, आणि पिंपाच्या भोवती मातीवर शेवाळ. मे महिन्यात, आजूबाजूला सगळं करपलेलं असताना, त्या वीतभर जागेत हिरवं शेवाळ. तिथे वर्षानुवर्षं रोज पाणी सांडत होतं.

“काकानू, रोज धुयत होतास?”

“मगे? जाळी धुवच्या आदी मशीन. पाच-धा मिनटां गोड्या पाण्यात चालवचा, धार कोमट येयसर.”

‘धार कोमट येईपर्यंत’ हे त्यांना कुणी शिकवलं ते विचारलं नाही, पण त्यात सगळं आलं. थर्मोस्टॅट साधारण पन्नास अंशांच्या आसपास उघडतो. तोपर्यंत गोडं पाणी सिलिंडरभोवतीच्या वाटांत नीट फिरतच नाही. मशीन मिनिटभर चालवून ‘धुतलं’ म्हणणारे फक्त पंप धुतात.

बाकीची तपासणी त्याच क्रमाने. सिलिंडर थंड. निपलच्या तोंडाशी जुन्या काळ्या ग्रीसच्या मागून नवं ग्रीस डोकावत होतं. आवळायचे स्क्रू दोन बोटांनी फिरले. जस्त अर्धं खाल्लेलं, म्हणजे ते आपलं काम करत होतं. गिअरचं तेल काळपट पण दुधाळ नाही. पंखा काढला. दांड्यावर जाळ्याच्या नायलॉनचा एक वेढा सापडला. हा धागा फिरत फिरत आत सरकतो आणि सील कापतो, मग त्याच वाटेने पाणी शिरतं. इथे वेळेवर सापडला, सील शाबूत होतं. कॉम्प्रेशन ११० आणि १०६.

पिंपात चालू केलं. तिसऱ्या ओढीला सुरू झालं. धूर निळसर, थोडा. एकेक करून प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढली, दोन्ही वेळा मशीन अडखळलं, म्हणजे दोन्ही सिलिंडरं कमावती होती. गिअर पुढे, मध्ये, मागे. धार मात्र जरा कमजोर. दोरी उसवलेली. पेट्रोलची नळी उन्हाने कडक झालेली.

पोराला बाजूला घेऊन सांगितलं, “रंगाक भुलू नको. ह्या मशीनीचे दोष पैशांनी जातले. थयल्या मशीनीचे जावचे नाय.” विकत घेतलेल्या जुन्या मशीनबरोबर आधीच्या मालकाची सवय घरी येते. तीच नीट बघून घ्यायची असते.

मग कागद. मूळ बिल, मशीनवरच्या पट्टीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतात का ते पाहिलं. पट्टी खरवडलेली किंवा नवीनच रिव्हेट मारलेली असेल तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नये. चोरीची मशीनं किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतात, आणि होडीच्या कागदांत मशीनचा नंबर चढवताना हा प्रश्न उभा राहतोच.

दुपारी १२.३०

पोरगा विचार करायला घरी. मी बाजारात, सुट्या भागांसाठी. पंपाचं किट, थर्मोस्टॅट, गॅस्केटं, इंपेलरची चावी. दुकानदार दोन इंपेलर पुढे ठेवतो, एक मूळ कंपनीचा, एक निम्म्या किमतीचा. बोटांत दाबून सोडला की मूळ रबर टपकन सरळ होतं, दुसरं आळसावत. पंपाच्या बाबतीत मी गिऱ्हाइकाला पर्यायच देत नाही.

जुनं मशीन घेताना भाग मिळतात का, हा निम्मा सौदा असतो. कधीकधी मुंबईहून किंवा गोव्याहून कुणी स्वस्तात एखादं वेगळ्याच नावाचं मशीन घेऊन येतो. ओले एव्हिनरूडने अमेरिकेत मिलवॉकीला १९०९ मध्ये आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं, आणि हा धंदाच त्या नावाने मोठा झाला. त्या नावाच्या मशीनचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. मशीनं वाईट नव्हती, पण इथे बसून त्यांच्या गॅस्केटची वाट बघायची तर मोसम निघून जातो. यामाहाने पहिलं आउटबोर्ड १९६० मध्ये काढलं. त्यांची टू-स्ट्रोक मशीनं आमच्या किनाऱ्यावर इतकी आहेत की एक मेलेलं मशीन दहा जिवंत मशीनांना भाग पुरवतं. म्हणून नवख्याला माझा सल्ला, गावात जे मशीन सर्वांत जास्त दिसतं तेच घे.

दुपारी १.३०

जेवण. पेडव्याचं तिखलं, भात, सोलकढी. त्यानंतर अर्धा तास आडवं होणं हा या कामाचा भाग आहे. पत्र्याच्या शेडमध्ये यावेळी पाना हातात धरवत नाही.

दुपारी २.४५

अडकलेले बोल्ट. या धंद्यातला सर्वाधिक वेळ यात जातो आणि त्याचे पैसे मागताना गिऱ्हाइकाला पटवणं कठीण जातं. स्टीलचा बोल्ट, अल्युमिनियमचं अंग आणि मधे मिठाचं पाणी. अल्युमिनियमची भुकटी फुगते आणि बोल्टाला आवळून धरते. जोर लावला की डोकं हातात येतं.

म्हणून आदल्या दिवशी झिरपणारं तेल मारून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी हलक्या हातोडीने डोक्यावर टकटक करायची, तेल आत जायला वाट मिळते. मग बोल्ट सैल करायच्या आधी किंचित आवळायचा, भुकटी मोडते. तरीही ऐकलं नाही तर गॅसच्या बत्तीने बोल्टाभोवतीचं अल्युमिनियम तापवायचं. ते स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, भोक नावापुरतं मोठं होतं. पेट्रोलची टाकी आणि नळ्या त्याआधी शेडबाहेर, हे सांगायला नको. बोल्ट निघाला की आट्यांमधली भुकटी घासून काढायची आणि परत लावताना आट्यांना मरीन ग्रीस किंवा न चिकटण्याची पेस्ट. हे बोटभर ग्रीस लावायला दहा सेकंद लागतात. ते न लावल्यामुळे आजच्या एका बोल्टात तासभर गेला.

दुपारी ४.१०

खाडीवरून टेम्पो आला. वळिवाचा वारा अचानक फिरला, होडी कलंडली, मशीन पाण्यात. आणणाऱ्याने शहाणपण केलं होतं, मशीन ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं होतं.

“कधी बुडला?”

“दोन-अडीज तास झाले. आमी लगेच सुकवक ठेयणार होतव, पन तुमी फोनार सांगितलास म्हणान…”

बुडालेलं मशीन बाहेर काढून उन्हात सुकवणं ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत महाग चूक. पाण्याखाली गंज हळू चढतो. खरा तडाखा मीठ लागलेल्या पोलादाला हवा मिळाल्यावर बसतो. बेअरिंगवर काही तासांत तांबूस थर येतो. लगेच उघडणं शक्य नसेल तर मशीन गोड्या पाण्यात बुडवून ठेवावं. सकाळी झाकून ठेवलेलं पिंप यासाठीच होतं.

आधी फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवलं. चालू असताना बुडालेल्या मशीनने पाणी आत ओढलं असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. फिरवताना कुठे अडखळलं नाही. मग आतून-बाहेरून गोडं पाणी, प्लग काढून मशीन उलटं, पाणी निथळलं. प्लगच्या वायरी अंगाला जोडून दोरी ओढत राहिलो, तोपर्यंत भोकांतून फवारे येणं थांबलं. कार्बुरेटर उघडून धुतला, टाकीतलं पेट्रोल फेकून नवं मिश्रण, दोन्ही सिलिंडरांत चमचाभर तेल. इलेक्ट्रिकच्या जोडण्या सोडवून धुतल्या, फुंकल्या. साडेपाचच्या सुमारास मशीन खोकत खोकत चालू झालं. आता ते अर्धा-पाऊण तास पिंपात चालणार, म्हणजे आतली ओल त्याच्याच उष्णतेने निघेल आणि तेल सगळीकडे पोचेल.

तेल म्हणजे कुठलंही तेल नव्हे. टू-स्ट्रोक आउटबोर्डला डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं तेल लागतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या मशीनसाठी बनवलेलं असतं. फटफटीचं तेल घातलं की कार्बन साचतो आणि रिंगा चिकटतात. प्रमाण मशीनच्या पुस्तकातलं पाळायचं, जुन्या मशीनला बहुधा ५० ला १. जास्त तेल घातलं की जास्त काळजी घेतली, असं समजणाऱ्यांचे प्लग सारखे काळे होतात.

संध्याकाळी ५.४५

पिंपातलं मशीन चालू असतानाच स्कूबावाल्यांची माणसं आली. त्यांची मशीनं पावसाळ्यासाठी झोपवायची. मी एकच करून दाखवतो, बाकीची त्यांनी करायची, मी उभा.

गोड्या पाण्यात चालवून आधी मीठ धुवायचं. चालू असतानाच पेट्रोलची नळी काढायची, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होईल. बंद पडायच्या बेतात आलं की हवेच्या तोंडातून संरक्षक तेल फवारायचं, पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि शेजारचे खोकतात. प्लग काढून सिलिंडरांत थोडं तेल, दोरी दोनदा ओढायची, प्लग परत. गिअरचं तेल आत्ताच बदलायचं, ऑगस्टमध्ये नाही. आत पाणी शिरलेलं असेल तर ते दोन महिने दात्यांवर बसून राहील. नवं तेल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. स्क्रूंचे वॉशर नवे. पंखा काढून दांड्याला ग्रीस.

मग मशीन उभं ठेवायचं. आडवं ठेवायची वेळ आली तर खालचा भाग डोक्यापेक्षा उंच नको, नाहीतर उरलेलं पाणी सिलिंडरकडे उतरतं. टाकी रिकामी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल पितं, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत प्यायला भरपूर आहे. जास्त पाणी झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं आणि ऑगस्टमध्ये कार्बुरेटर पहिला घोट त्याचाच घेतो. धारेच्या भोकावर कापडाची चिंधी बांधायची, कारण कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते. वायरींजवळ उंदरांसाठी काहीतरी. हे सगळं करायला एका मशीनला तासभर पुरतो.

संध्याकाळी ७.१५

पोरगा वडिलांना घेऊन आला. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “मेस्त्री, शेवाळ खराच होता?” मी हो म्हटलं. सर्जेकोटचं मशीन ठरलं.

मी नेहमीचा हिशेब सांगितला. जुन्या मशीनच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय सौदा करू नये. याच्यात पंपाचं किट, थर्मोस्टॅट, गिअरचं तेल, जस्त, प्लग, पेट्रोलची नळी आणि दोरी. हे सगळं, चालत असलं तरी, पहिल्याच दिवशी बदलायचं. म्हणजे तिथून पुढची तारीख आपल्याला ठाऊक असते. पातीचं तुटलेलं टोक ऑगस्टपर्यंत राहू दे, त्याने मासे कमी लागत नाहीत.

रोज काय करायचं तेही सांगितलं. होडी नांगरावर असली की मशीन वर उचलून ठेव. घरी आणलं की धार कोमट येईपर्यंत गोड्या पाण्यात चालव. पंधरवड्याने निपलांत ग्रीस. महिन्याने पंखा काढून धागा बघ. पाणी विकत आणायला लागलं तरी आण, पिंपभर पाणी पिस्टनपेक्षा स्वस्त.

रात्री ८.३०

वहीत नोंदी. कुणाचं मशीन, नंबर, कॉम्प्रेशनचे आकडे, काय बदललं. उद्या सर्जेकोटचं मशीन येईल, त्याच्या पानावर आज फक्त ११० आणि १०६ लिहिले. पुढच्या मे महिन्यात याच पानावर दुसरे आकडे येतील आणि पोराने वर्षभर काय केलं ते मला विचारावं लागणार नाही.

जाता जाता तो दारात थांबला. “मेस्त्रीनू, एक विचारू? मशीन जरा बावलेला दिसता. रंग मारलो तर चलात मा?”

“मार रे. निळो मार, तांबडो मार. झिंकाक आनि निपलांक तेवडो लावू नको.”